वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

‘आज घरात वायफाय नाही’ हे वाक्य आता ‘आज नळाला पाणी नाही’ या वाक्याइतकेच नित्याचे झाले आहे. पाणी न येण्याची कारणे मात्र घरातील लहानथोर सर्वांना ठाऊक असतात. नगरपालिकेने पाणी सोडले नसेल, गच्चीवरील टाकी रिकामी असेल, मोटार बिघडली असेल किंवा नळाचा वॉशरच गेला असेल. या प्रत्येक वस्तूला नाव आहे आणि ते नाव घरात माहीत आहे. म्हणून तक्रार नगरपालिकेकडे करायची की प्लंबरला बोलवायचे, हे ठरवायला कोणाला वेळ लागत नाही.

वायफायच्या बाबतीत तसे होत नाही. मोबाइलवर चित्रफीत अडकली, बँकेचे पान उघडले नाही किंवा परदेशी असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल तुटला, तरी सर्व दोष एकाच शब्दावर टाकला जातो. मग घरातील जाणती व्यक्ती कामावरून परत येईपर्यंत सारे थांबते. दुपारच्या वेळी घरी एकट्या असणाऱ्या ज्येष्ठांची यात विशेष अडचण होते. कारण वीजबिल, औषधांची मागणी, डॉक्टरांची वेळ आणि निवृत्तिवेतनाची चौकशी ही कामे आता याच मार्गाने होतात. वास्तविक यासाठी संगणकशास्त्र शिकण्याची गरज नाही. दहा-पंधरा शब्दांचे नेमके अर्थ समजले, तरी बहुतेक वेळा दोष कोठे आहे हे ओळखता येते आणि घराचे हे नवे दार नीट लावूनही घेता येते.

जाळे आणि जाळ्यांचे जाळे

दोन किंवा अधिक उपकरणे एकमेकांशी माहितीची देवघेव करू शकतील अशा रीतीने जोडली, की त्याला नेटवर्क म्हणजे जाळे म्हणतात. घरातील मोबाइल, दूरचित्रवाणी संच, संगणक आणि प्रिंटर यांचे मिळून एक लहान जाळे तयार होते. त्याला लॅन, म्हणजे स्थानिक जाळे, असे नाव आहे. जगभरातील अशा असंख्य लहानमोठ्या जाळ्यांना परस्परांशी जोडणारे महाजाळे म्हणजे इंटरनेट. भारतातील सर्वसामान्य ग्राहकांना ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या तत्कालीन सरकारी कंपनीने खुले केले. त्या काळी जोडणी टेलिफोनच्या तारेवरून होत असे आणि ती चालू असेपर्यंत घरातील फोन अडकून राहत असे.

वायफाय यापैकी कशाचेही नाव नाही. घरातील उपकरणे आणि राऊटर यांच्यामधील बिनतारी दुवा म्हणजे वायफाय. इंटरनेट घराच्या उंबऱ्यापर्यंत येते. उंबऱ्यापासून खोल्याखोल्यांत ते पोहोचवण्याचे काम वायफाय करते. म्हणूनच इंटरनेट पूर्ण बंद असतानाही वायफाय उत्तम चालू असू शकते. मोबाइलवर वायफायचे चिन्ह दिसते आणि तरीही ‘इंटरनेट नाही’ अशी सूचना येते, तेव्हा नेमके हेच घडलेले असते. याउलट इंटरनेट व्यवस्थित येत असूनही आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही, असेही होते. पहिला दोष कंपनीच्या अंगणातला आहे, दुसरा घरातला. हा एक भेद मनात पक्का झाला, की निम्मे कोडे सुटते.

उंबऱ्यावरील दोन पेट्या

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येत असे तेव्हा मोडेम हे उपकरण आवश्यक होते. संगणकाची आकड्यांची भाषा तारेवरून जाऊ शकेल अशा संकेतांत बदलणे आणि पलीकडून आलेले संकेत पुन्हा आकड्यांत आणणे, हे त्याचे काम. आता अनेक घरांत काचेच्या बारीक तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून, प्रकाशाच्या रूपाने माहिती येते. त्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणाऱ्या पेटीला ओएनटी म्हणतात. या पेटीवर ‘एलओएस’ अशी खूण असलेला एक दिवा असतो. तो लाल लुकलुकू लागला, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. रस्ता खोदताना तंतू तुटला असेल किंवा घरातच तो कोठेतरी फार वाकला असेल. अशा वेळी मोबाइल कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो.

दुसरी पेटी राऊटरची. टपाल कार्यालयात आलेली पत्रे पत्त्यांनुसार वेगळी करून ज्याची त्याला दिली जातात, तसेच काम राऊटर करतो. आजीच्या मोबाइलने मागवलेले पान आजीच्याच मोबाइलवर आणि नातवाच्या संगणकाने मागवलेला धडा त्याच संगणकावर पोहोचतो, तो राऊटरमुळे. आजकाल बऱ्याच कंपन्या ओएनटी, राऊटर आणि वायफायचे प्रक्षेपण ही तिन्ही कामे एकाच पेटीत देतात. त्यामुळे पेटी एक दिसली, तरी कामे तीन आहेत हे ध्यानात ठेवावे. राऊटरपासून संगणकापर्यंत थेट तार जोडली, तर त्या जोडणीला इथरनेट म्हणतात आणि तारेला बोलीत लॅन केबल. ती दिसायला जुनाट वाटली तरी भिंती, अंतर आणि शेजाऱ्यांच्या लहरी यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. ज्या संगणकावर परीक्षा द्यायची किंवा कार्यालयाची महत्त्वाची बैठक करायची आहे, त्याला तारेनेच जोडणे शहाणपणाचे ठरते.

प्रत्येकाचा पत्ता

जाळ्यातील प्रत्येक उपकरणाला एक पत्ता मिळतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. टिंबांनी वेगळे केलेले चार आकडे हे त्याचे प्रचलित रूप. अशा पद्धतीने सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. जगातील उपकरणांना ते अपुरे पडू लागल्यामुळे आयपीव्ही६ ही अधिक लांब पत्त्यांची पद्धत आली. जुनी पद्धतही अद्याप चालू आहे. तिच्यावर काढलेला एक तोडगा असा, की घराबाहेर पूर्ण घराला मिळून एकच पत्ता द्यायचा आणि घरातल्या घरात राऊटरने उपकरणांना वेगळे, खासगी पत्ते वाटायचे. एखाद्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असली तरी टपालासाठी वाड्याचा घरक्रमांक एकच असावा, तसा हा प्रकार. घरातील मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘१९२.१६८’ ने सुरू होणारा पत्ता अनेकदा दिसतो, तो असा घरगुती पत्ता असतो. हे पत्ते आपोआप वाटण्याच्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात.

आयपी पत्ता जागेनुसार बदलतो. उपकरणाच्या बांधणीतच दिलेला मॅक पत्ता हा त्याहून वेगळा. घर बदलले की टपालाचा पत्ता बदलतो, परंतु माणसाचे नाव तेच राहते, असा या दोहोंतील फरक. नवे मोबाइल मात्र खासगीपणा जपण्यासाठी वेगवेगळ्या जाळ्यांत वेगवेगळा मॅक पत्ता दाखवू शकतात.

आकडे लक्षात ठेवणे माणसाला अवघड. म्हणून संकेतस्थळांना नावे दिली गेली आणि नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था निर्माण झाली. अमेरिकन संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना केली. मोबाइलमधील नावांची यादी जसे नाव दाबताच क्रमांक लावते, तसेच हे आहे. कधी कधी जोडणी ठीक असते, व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश येत-जात असतात, परंतु नाव टाइप केलेले एकही संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी दोष बहुधा डीएनएसमध्ये असतो.

लहरींची वाटचाल

वायफायच्या लहरी म्हणजे रेडिओलहरीच. या बिनतारी जोडणीचे पहिले सर्वमान्य मानक १९९७ मध्ये ठरले, तेव्हा तिचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट एवढाच होता. मानकाचे मूळ नाव ‘८०२.११’ असे रुक्ष असल्यामुळे १९९९ मध्ये ‘वायफाय’ हे सुटसुटीत नाव तयार करून घेण्यात आले. ते कोणत्याही शब्दांचे संक्षिप्त रूप नाही, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटेल. आता राऊटरच्या खोक्यावर वायफाय ५, वायफाय ६ असे लिहिलेले असते. त्या त्याच मानकाच्या पुढच्या पिढ्या होत. भारतात २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्याचा अशा कामासाठी परवान्याविना वापर करण्याची मुभा २००५ मध्ये मिळाली आणि घरोघरी वायफाय येण्याची वाट मोकळी झाली.

आजच्या बहुतेक राऊटरवर दोन पट्टे मिळतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी कंपने. पहिल्या पट्ट्याच्या लहरी लांब, म्हणून भिंती ओलांडून दूरवर जातात. परंतु त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथची साधने आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक आणि गर्दी कमी, पण भिंतीपुढे त्याची शक्ती लवकर क्षीण होते. म्हणून राऊटरच्याच खोलीत बसणाऱ्याने ५ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे, दूरच्या खोलीतल्याने २.४ चे.

राऊटर कोठे ठेवावा, याचेही उत्तर लहरींच्या स्वभावात आहे. धातू आणि पाणी यांच्यापुढे त्या अडखळतात. लोखंडी कपाटामागे, फिश टँकशेजारी, मोठ्या आरशाखाली किंवा दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे दडवलेला राऊटर घराला पुरेसा पडत नाही. तो शक्यतो घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्यावर असावा. जुन्या घरांच्या दगडी भिंती किंवा दोन-तीन मजले असतील, तर मूळ लहरी पकडून पुढे पाठवणारा रिपीटर बसवता येतो. अनेक लहान पेट्यांनी मिळून सर्व घर एकाच नावाखाली व्यापण्याच्या रचनेला मेश म्हणतात. मोठ्या घरासाठी ती अधिक सोयीची, मात्र खर्च अधिक.

वेगाचे आकडे

विक्रेता ‘१०० एमबीपीएस’ सांगतो, तेव्हा ते सेकंदाला १०० मेगाबिट असतात. मोबाइलमधील छायाचित्रे व चित्रपट मात्र मेगाबाइटमध्ये मोजले जातात आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट माहिती येईल आणि एक गिगाबाइटचा चित्रपट उतरायला किमान सव्वा ते दीड मिनिट लागेल. हा हिशेब माहीत नसल्यामुळे अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते.

एका वेळी किती माहिती वाहू शकते, ही क्षमता म्हणजे बँडविड्थ. रस्त्याची रुंदी म्हणावी तशी. ती घरातील सर्वांत वाटली जाते. एखादी मागणी जाऊन तिचे उत्तर परत येण्यास लागणारा विलंब म्हणजे लेटन्सी. रस्ता रुंद असूनही गाव दूर असेल तर वेळ लागतोच. तसे बँडविड्थ भरपूर असूनही विलंब जास्त असेल, तर व्हिडिओ कॉलवर माणसे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात.

बिनतारी म्हणजे सगळेच वायफाय नव्हे. ब्लूटूथ हा जवळच्या दोन साधनांमधील दुवा आहे. कानातले यंत्र, मनगटी घड्याळ, मोटारीतील ध्वनिवर्धक यांच्यासाठी सामान्यतः दहा मीटरच्या आसपास तो पुरतो. त्याला विजेची गरज फार कमी लागते आणि इंटरनेटशी त्याचा थेट संबंध नाही. दहाव्या शतकातील डेन्मार्कचा राजा हॅराल्ड याच्या टोपणनावावरून त्याला हे नाव मिळाले. मोबाइल डेटा सिमकार्डच्या कंपनीच्या मनोऱ्यावरून येतो. आणि मोबाइलने आपला डेटा वायफायच्या लहरींवरून इतर साधनांना वाटायला सुरुवात केली, की त्याला हॉटस्पॉट म्हणतात. म्हणजे त्या वेळी मोबाइलच लहानसा राऊटर झालेला असतो.

उघडे दार आणि त्याची किंमत

शब्द न कळल्याने होणारी गैरसोय तासा-दोन तासांची असते. दार उघडे राहिल्याची किंमत त्याहून फार मोठी असू शकते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद बॉम्बस्फोटांनी हादरले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल पाठवण्यात आला होता. पोलिसांनी त्याच्या आयपी पत्त्याचा माग काढला, तो नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापर्यंत पोहोचला. तेथील रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. त्याच्या असुरक्षित वायफायचा कोणीतरी उपयोग करून घेतला होता. तरीही चौकशीला त्यालाच तोंड द्यावे लागले. पुढे जानेवारी २००९ मध्ये उघड्या वायफाय जोडण्या शोधून त्या बंद करायला लावण्याची मोहीम मुंबई पोलिसांनी हाती घेतली.

असे का झाले, हे आता सहज समजेल. बाहेरच्या जगाला पूर्ण घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. राऊटरमागे घरचा मुलगा आहे, पाहुणा आहे की जिन्यात उभा असलेला अनोळखी मनुष्य, हे त्या पत्त्यावरून कळत नाही. सेवा देणाऱ्या कंपनीकडील नोंदीत मात्र ग्राहकाचे नाव असते आणि तपास प्रथम त्या नावाकडे येतो.

म्हणून कुलपाशी संबंधित शब्द विशेष काळजीने समजून घ्यावेत. मोबाइलमध्ये जाळ्यांची जी नावे दिसतात, त्यातील प्रत्येक नाव म्हणजे एसएसआयडी. त्यात आडनाव किंवा सदनिकेचा क्रमांक घालू नये. अनोळखी माणसाला घराची ओळख करून देण्याचे कारण नाही. पासवर्ड ही किल्ली. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख किंवा ‘१२३४५६७८’ ही किल्ली नव्हे, दाराला लावलेली नुसती कडी होय. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा आणि ओळखायला अवघड असतो.

हवेतून जाणारी माहिती इतरांना वाचता येऊ नये म्हणून ती कूटलिपीत बदलली जाते. या क्रियेला एन्क्रिप्शन म्हणतात. वायफायमधील तिची पहिली पद्धत डब्ल्यूईपी. तिच्यातील उणिवा २००१ मध्येच उघड झाल्या, म्हणून ती मुळीच वापरू नये. २००४ मधील डब्ल्यूपीए२ आणि २०१८ मधील डब्ल्यूपीए३ या त्यापुढच्या पद्धती. राऊटरच्या सेटिंगमध्ये यांपैकी एक निवडलेली असावी. शक्य असेल तेथे डब्ल्यूपीए३.

आणखी एक किल्ली बहुतेक घरांत विसरली जाते. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड वेगळा. दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहिला असेल, तर तो कोणालाही शोधता येतो आणि घरचे कुलूप बाहेरच्याला बदलता येते. तो पहिल्याच दिवशी बदलावा. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ ही स्वतंत्र सोय अनेक राऊटरमध्ये असते. तिच्यामुळे आतिथ्य तर घडते, परंतु घरातील संगणक आणि प्रिंटर यांच्यापर्यंत परक्या साधनाची पोहोच होत नाही.

घराबाहेरही हीच सावधगिरी हवी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर विनामूल्य वायफायची जी सेवा सुरू झाली, तिच्यामुळे प्रवाशांची मोठी सोय झाली. तथापि एसएसआयडी हे केवळ नाव आहे आणि कोणीही आपल्या हॉटस्पॉटला स्थानकाचे किंवा हॉटेलचे नाव देऊ शकतो. म्हणून बँकेचे व्यवहार अशा जागी मोबाइल डेटावरच करावेत. संकेतस्थळाच्या नावाजवळचे कुलपाचे चिन्ह वाटेतील संरक्षणाची खात्री देते. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे, याची नाही.

बिघाड शोधण्याचा क्रम

हे शब्द हाताशी असले, की जोडणी बंद पडल्यावर पुढील क्रमाने पाहता येते.

१. एकाच मोबाइलवर अडचण आहे की सर्व साधनांवर? एकाच मोबाइलवर असेल, तर दोष त्या मोबाइलचा. त्याचे वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे.

२. वायफायचे नावच दिसत नसेल, तर राऊटरला वीज मिळते का, हे पाहावे. नाव दिसत असेल पण लहरी क्षीण असतील, तर राऊटरच्या जवळ जाऊन पाहावे.

३. वायफाय जोडलेले आहे परंतु इंटरनेट नाही, अशी सूचना असेल, तर पेटीवरील दिवे पाहावेत. एलओएसचा लाल दिवा असेल, तर थेट कंपनीकडे तक्रार नोंदवावी.

४. लाल दिवा नसेल, तर पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालू करावी आणि चार-पाच मिनिटे थांबावे. पेटीवरील रीसेटचे बारीक छिद्र मात्र दाबू नये. त्याने सर्व सेटिंग पुसली जाऊन पेटी कारखान्यातून आली होती तशी होते.

५. एकच संकेतस्थळ उघडत नसेल आणि बाकी सर्व उघडत असतील, तर दोष त्या संकेतस्थळाचा. घरातील काहीही बदलू नये.

तक्रार नोंदवतानाही या शब्दांचा उपयोग होतो. ‘नेट चालत नाही’ असे सांगितले, तर पलीकडून पहिल्यापासून प्रश्न सुरू होतात. ‘वायफाय जोडलेले आहे, सर्व साधनांवर इंटरनेट नाही आणि एलओएसचा दिवा लाल आहे’ एवढे एक वाक्य सांगितले, तर फायबर तपासणारा माणूसच पाठवावा लागेल, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

घरातील तरुणांनी एखाद्या रविवारी अर्धा तास काढून पेटीवरील प्रत्येक दिव्याखाली त्याचा अर्थ मराठीत लिहून चिकटवावा. कंपनीचा तक्रार क्रमांक आणि ग्राहक क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस लावावा आणि वरचा क्रम आजी-आजोबांकडून एकदा प्रत्यक्ष करवून घ्यावा. मग भर दुपारी जोडणी तुटली, तरी औषधांची मागणी संध्याकाळपर्यंत खोळंबणार नाही.